आण्णांनी इंजिन उघडलं तो उन्हाळा

आमच्या परातीला ऑइलचा वास यायला लागला तो आई गेल्यावर. गेली म्हणजे इंदापूरला गेली, माहेरी. हे आधीच सांगून टाकते, कारण ‘आई गेल्यावर’ म्हटलं की लोक लगेच चेहरा पाडतात आणि मग मलाच त्यांची समजूत घालत बसावं लागतं. आई चांगली धडधाकट होती. इंदापूरला मामाच्या घरी बसून शिलाई मशीन चालवत होती, आणि इकडं जळोचीला तिच्या पिठाच्या परातीत माझे वडील रॉकेल ओतून कार्बोरेटर धूत होते. मी तेव्हा नुकती नववी पास झालेली. त्या परातीला मी राख लावली, चिंच लावली, भांडं घासायची पावडर लावली, पण पहिल्या भाकरीला रॉकेलचा वास यायचा तो यायचाच. आण्णा निमूट खायचे. तक्रार करायला त्यांना तोंडच नव्हतं म्हणा.

जळोची आज बारामतीतच जमा झालीय. बंगले झाले, अपार्टमेंटा झाल्या, कोपऱ्यावर केकचं दुकान आलं. तेव्हा आमच्या दोन पत्र्याच्या खोल्यांपुढं कच्चा रस्ता आणि मागं ऊस, एवढाच पसारा होता. दुपारी वारा सुटला की उसाची पानं सळसळायची, पत्रा तापून कडकड वाजायचा, लांबवर कुठंतरी पाण्याची मोटर घुमायची. आई होती तोवर हे आवाज मला कधी ऐकूच आले नव्हते. तिच्या मशिनीची खडखड सकाळपासून चालू असायची, त्यात मधूनमधून मला हाका, शेजारच्या काकूंशी भिंतीवरून गप्पा, रेडिओ, कुकर. ती गेल्यावर कळलं की आमच्या घरातला सगळा आवाज तिचाच होता. आण्णा आणि मी, आम्ही दोघं मिळून दिवसाला दहा वाक्यं बोलत असू. त्यातली निम्मी मिठावरून. मी शाळेतून यायची, कुलूप काढायची, आणि दार उघडल्यावर आधी एकदा मोठ्यानं खोकायची. कशासाठी, तर घरात कुणीतरी काहीतरी आवाज केला पाहिजे म्हणून. हसू येतं आता. तेव्हा येत नव्हतं.

आण्णा साखर कारखान्यात फिटर होते. कारखाना हंगामात रात्रंदिवस चालतो आणि ऊस संपला की बंद होतो. बंद हंगामात फिटर लोकांनी काय करायचं, तर सगळं उघडायचं. बिघडलेलं तर उघडायचंच, पण धड चाललेलंही उघडायचं. नट न् नट काढायचा, धुवायचा, घासायचा, झिजलेलं बदलायचं आणि पुढच्या हंगामाला परत जोडून ठेवायचं. चालू हंगामात काही कुरकुरायला लागलं की आण्णांचं एकच म्हणणं, “आता ढकला. बंद हंगामात बघू.” ही सवय त्यांच्या अशी अंगात मुरली होती की घरातलंही काही ते हंगामात हाती घ्यायचे नाहीत. दाराची कडी, गळका माठ, शेजाऱ्यांशी झालेली कुरबुर, सगळं बंद हंगामावर. माझी दाढ एकदा थंडीत ठणकायला लागली तर मला म्हणाले, “उन्हाळ्यापतोर कळ काढ.” आईनं मला त्याच दिवशी दवाखान्यात नेलं ती गोष्ट वेगळी.

आणि गाडी. कुणा डॉक्टरांनी वापरून वापरून टाकून दिलेली आठशे सीसीची छोटी गाडी आण्णांनी घेतली होती. तीन सिलिंडरचं इंजिन. कारखान्यातल्या मोठाल्या यंत्रांपुढं ते म्हणजे खेळणंच. पांढरा रंग उडून दुधाच्या सायीसारखा झालेला, मागची एक काच वर-खाली होत नसलेली. पण आण्णांच्या खात्यात चारचाकी असलेला दुसरा फिटर नव्हता! ते स्वतः कामावर सायकलनंच जायचे, गाडी दारात उभी. तिच्यावर जुनी चादर घातलेली. कुणी नवा माणूस आला की आण्णा काहीतरी निमित्त काढून ती चादर जरा बाजूला करायचे. आई म्हणायची, “एवढं तर माझं बी तोंड कुणाला दाखवलं न्हाय तुमी.”

त्या थंडीत, ऐन हंगामात, कारखान्याच्या फोनवर मामाचा निरोप आला की आजीचं काही खरं नाही, ताईला लगेच घेऊन या. आण्णा सायकल दामटत घरी आले, चादर काढली, आम्हा दोघींना गाडीत बसवलं. सणसर गेलं तोवर सगळं ठीक होतं. लासुर्णे आलं आणि गाडीच्या नाकातून वाफ निघायला लागली. आण्णांनी बॉनेट उघडलं, पाणी उकळत होतं. म्हणाले, “धा मिन्टं. जरा थंड झाली की निघू.” आई पिशवी काखेत धरून रस्त्याच्या कडेला उभी राहिली. दहा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. मागून इंदापूरची एसटी आली. ड्रायव्हरनं बाईमाणूस पिशवी घेऊन उभी दिसली म्हणून आपणहून वेग कमी केला. आईनं आण्णांकडं बघितलं. “जाऊ का हिच्यात?”

“अगं, सवताची गाडी आसताना एसटीनं जाती व्हय? काय म्हंतील तितं? निघालोच की आपण.”

एसटी गेली. गाडीत आणखी पाणी ओतलं, गाडी अंथुर्ण्यापर्यंत गेली आणि परत उकळली. दुसरी एसटी गेली तेव्हा आईनं विचारलंही नाही. नुसती त्या एसटीकडं बघत राहिली, ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत. आम्ही इंदापुरात पोचलो तेव्हा मामाच्या दारात चपला होत्या आणि माणसं नदीकडून परत येत होती. आईला आजीचं शेवटचं तोंड दिसलं नाही. ती रडली नाही, हे मला जास्त लक्षात आहे. उंबऱ्यावर बसली, पिशवी मांडीवर तशीच, आणि आण्णा गाडीपाशी उभे राहून मामाला सांगत होते की पंप ढिला झालाय, हेडगॅस्केट फुंकलंय.

तेराव्याला आण्णा आणि मी परत निघालो तेव्हा आई म्हणाली, “मी ऱ्हाते थोडं दिवस.” आण्णा म्हणाले, “ऱ्हा की.” मीही ते थोडे दिवस धरूनच चालले होते. मग संक्रांत गेली, महाशिवरात्र गेली, होळी गेली. शेजारच्या काकू भिंतीवरून डोकं काढून रोज विचारायच्या, “आई कवा येणार गं तुजी?” त्यांना माहीत होतं, सगळ्या जळोचीला माहीत होतं, तरी विचारायच्या. मेली चौकशी! मी एकदा आण्णांना म्हणाले, “आपण एसटीनं जाऊ आन् आणू तिला. रविवारी.”

आण्णा जेवत होते. घास हातातच थांबला. “तसं न्हाय, नंदे. ज्या गाडीपायी ती बसलीया, त्याच गाडीतनं आणायची. न उकळता. पयलं इंजन नीट करू. हंगाम संपू दे.”

मला ते पटलं, हे सांगितलंच पाहिजे. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरीला असं कुणी ठामपणे सांगितलं की अमुक झालं की आई येईल, तर ती अमुक कधी होतंय तेवढंच बघत बसते. काकूंना मी ताठ मानेनं सांगितलं, “गाडी झाली की येणार.” काकूंनी डोकं खाली घेतलं.

कारखान्याचा शेवटचा भोंगा झाला आणि दुसऱ्या दिवशी आण्णांनी लिंबाखाली गाडीचं इंजिन उघडलं. नवं इंजिन घ्यायची ऐपत नव्हती, गॅरेजवाल्याच्या हातात द्यायची तयारी नव्हती, तेव्हा जे काही करायचं ते स्वतःच्या हातानं आणि भंगारातल्या सामानावर. ह्याच इंजिनाची एक व्हॅन कुठंतरी उलटून भंगारात आली होती, तिचा मोठा रेडिएटर आण्णांनी सायकलच्या कॅरिअरला बांधून आणला. मग तिचाच पंखा. मग तिचा कार्बोरेटर. घरात कणगीच्या जागी पिस्टन, देव्हाऱ्याखाली बेअरिंग, आईच्या मशिनीवर पसरलेल्या पेपरावर ओळीनं व्हॉल्व्ह. मशिनीवर ठेवू नका असं मी म्हणाले तर आण्णा म्हणाले, “मग कुठं ठिवू? हीच येक जागा सपाट हाय.” आईच्या जुन्या साडीच्या चिंध्या करून त्यांनी सगळं पुसलं. ती मोरपंखी साडी मला आवडायची. त्या दिवशी मी भाजीत मीठ घातलं नाही, मुद्दाम. त्यांनी तेही निमूट खाल्लं. कुणाशी भांडायचं माणसानं!

पण त्या उन्हाळ्यात आम्ही बोलायला लागलो, हेही खरंच. इंजिनावरच, दुसऱ्या कशावर नाही. संध्याकाळी आण्णा मला व्हॉल्व्ह घासायला बसवायचे. लाकडी दांडीच्या टोकाला रबराची वाटी असते, ती व्हॉल्व्हला चिकटवायची, कडेला खरखरीत पेस्ट लावायची आणि रवी फिरवतो तशी दोन तळव्यांत दांडी फिरवत राहायची. खर्र, खर्र, खर्र. व्हॉल्व्हची कड गोल चकचकीत दिसली की झालं. आण्णा बोट फिरवून बघायचे आणि म्हणायचे, “ब्येस. तुज्या आईवानी हात हाय तुजा.” सबंध उन्हाळ्यात त्यांनी आईचं नाव काढलं ते एवढंच. तो व्हॉल्व्ह घासून झाला होता तरी मी आणखी घासत बसले.

मी आता स्वतःची गाडी चालवते, बारामतीत एकटीच राहते. माझ्या गाडीला काही झालं की पोरगं येऊन तिला कॉम्प्युटर लावतं आणि सांगतं, मॅडम, सेन्सर गेला. मी म्हणते, बदल बाबा. बॉनेटखाली काय आहे ते मला दिसतही नाही, सगळं काळ्या प्लास्टिकनं झाकलेलं. पण पेट्रोलपंपावर रॉकेलसारखा वास आला की अजून ती परात आठवते. आई इंदापूरलाच असते. सत्तरी ओलांडली, मशीन सुटली, टीव्ही मोठ्या आवाजात लावते. महिन्यातून दोनदा मी जाते. आण्णा जाऊन बरीच वर्षं झाली, आणि त्या उन्हाळ्याबद्दल आम्ही दोघी कधी बोललेलो नाही.

तर हेड. इंजिनाचं डोकं म्हणजे हेड. ते वाकडं झालं की वाफ निघते, म्हणून लेथवर धरून त्याचा तळ सपाट करून घेतात. तळ जरा घासला की इंजिनात दाब वाढतो आणि गाडीला ओढ येते, हा फुकटचा फायदा. आण्णांनी बारामतीतून ते घासून आणलं. मिस्त्रीनं सांगितलं होतं की झालंय, आता ह्याला हात लावू नका. पण दुसऱ्याच्या हातच्या कामावर विश्वास ठेवला तर तो कारखान्यातला फिटर कसला? आण्णांनी हेड घरी आणून जाड काचेवर पॉलिश पेपर पसरला आणि वरून आणखी घासलं. दोन दुपारी घासत होते. मी म्हणाले, “आण्णा, पुरे की.” तर म्हणाले, “आगं, इंदापूरपतोर दम न घेता जायला पायजे. वड पायजे वड.”

ओढ आली. जोडाजोड करून गाडी चालू झाली तेव्हा लिंबावरचे कावळे उडाले. आम्ही माळेगावपर्यंत जाऊन आलो, गाडीतल्या तापमानाच्या काट्याप्रमाणं इंजिन थंड. आण्णांचा चेहरा मी इतका उजळलेला कधी बघितला नव्हता. वाटेत त्यांनी टपरीवर मला सोडा पाजायला गाडी बंद केली, आणि मग ती चालूच होईना. गरम असताना इंजिनातला दाब एवढा वाढायचा की बिचारा स्टार्टर नुसता कण्हायचा. तासाभरानं थंड झाली तेव्हा लागली. शिवाय नव्या कार्बोरेटरला आपलं आपण संथ चालायची सवयच नव्हती. उभी असली की पायानं रेस धरून ठेवायची, पाय काढला की बंद. मी म्हणाले, हेड पुन्हा खोला. आण्णा म्हणाले, “आता न्हाय. चालती तोवर उकळत न्हाय, हाय का न्हाय? मग मधी बंदच करायची न्हाय. जायचं, तिला घ्यायचं, यायचं.”

मे महिना संपत आला होता. निघायच्या दिवशी आण्णांनी दाढी केली, पांढरा शर्ट घातला. मी घर झाडलं, मशिनीवरचे पेपर उचलले, ऑइलचे डाग घासले, आईच्या गादीला ऊन दाखवलं. काकूंना सांगितलं, “आज आणतोय.” काकू म्हणाल्या, “मग सांच्याला मी दूध ठिवते गं,” आणि ते त्या इतक्या मायेनं म्हणाल्या की मला त्यांचा राग राग केल्याचं वाईट वाटलं. गाडी सणसरला थांबली नाही, लासुर्ण्याला थांबली नाही. अंथुर्णे मागं पडलं. आण्णा मला सारखं विचारत होते, “काटा बघ. कुठं हाय?” मी म्हणायची, खालीच हाय. मागची सीट मी मोकळी ठेवली होती आणि स्वतः पुढं बसले होते. येताना मी मागं जाणार आणि आई पुढं बसणार, हे मी आधीच ठरवून टाकलं होतं.

मामा-मामी डाळिंबाच्या बागेत औषध मारायला गेले होते, घरी आई एकटीच होती. आवाज ऐकून ती बाहेर आली. गळ्यात मोजायची टेप, केसात दोरे. वाळली होती. मी दार उघडून धावत तिला मिठीच मारली, आणि तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरून निरखला, माझी नखं बघितली, त्यांत काळं होतं. आण्णा गाडीतच. पाय रेसवर. गाडी फटफट करत उभी आणि ते खिडकीतून हसत होते.

“खाली उतरा की,” आई म्हणाली.

“न्हाय, म्हंजी, बंद केली तर गरम हाय तोवर लागायची न्हाय. तू पिशवी घे तुजी. पाय काडता येत न्हाय मला.”

“काय?”

“पाय काडला की बंद पडती!” आण्णा इंजिनावरून ओरडले. “तू बस! घरी जाऊन बोलू!”

आई त्यांच्याकडं बघत राहिली. अर्धी गल्ली दारात आली होती. मग ती शांतपणे गाडीपाशी गेली, खिडकीतून हात आत घातला आणि किल्ली फिरवली. इंजिन एक गचका खाऊन बंद झालं. एवढी शांतता झाली की कुणाच्या तरी घरातली कुकरची शिट्टी ऐकू आली.

“आता बोला,” आई म्हणाली.

मी आण्णांच्या तोंडाकडं बघत होते. बोला आण्णा, मी मनात म्हणत होते. चल म्हणा. चुकलं म्हणा. तुझ्याबिगर घरात करमत नाही म्हणा, मिठाचा अंदाज येत नाही म्हणा, काहीही म्हणा! आण्णा खाली उतरले, शर्टाला हात पुसले आणि म्हणाले, “हेड जरा जास्तच घासलं गेलं.”

मग त्यांनी बॉनेट उघडलं. व्हॅनचा रेडिएटर दाखवला, पंखा दाखवला, कार्बोरेटर दाखवला, व्हॉल्व्ह नंदीनं घासले म्हणून सांगितलं. आई उन्हात उभी राहून सगळं ऐकत होती. तिनं एकदाही मान वळवली नाही. आण्णांचं सांगून संपलं तेव्हा ती म्हणाली, “त्या दिवशी दोन एसट्या गेल्या माज्या म्होरनं. तुमी मला नुसतं जा म्हणला आसता तर मला माजी आय दिसली आसती.”

“आगं, त्याचाच तर बंदोबस्त केलाय,” आण्णा म्हणाले. “आता एसटीकडं बघायची येळच यायची न्हाय.”

आई घरात निघून गेली. मी तिच्या मागं गेले. तिनं मला ताटात गरम शेंगोळी वाढली, वर तेलाची धार सोडली. किती महिन्यांनी मी दुसऱ्या कुणाच्या हातचं खात होते. ती माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, “ऱ्हाती का हितं? शाळा हितं बी हाय.” बाहेर स्टार्टर कण्हायला लागला होता. आण्णा किल्ली फिरवत होते. ऊं-ऊं-ऊं, थांबायचे, परत ऊं-ऊं. “तू ये ना घरी,” मी म्हणाले. आई म्हणाली, “मला कुनी इचारलंच न्हाय, नंदे. गाडी दाखवली.” बाहेरचा आवाज खालच्या पट्टीत जात जात पार बसला. बॅटरी उतरली.

आम्ही बाहेर आलो तेव्हा आण्णांच्या शर्टाला घामानं पाठ चिकटली होती. “ढकलावी लागंल,” ते म्हणाले, कुणाकडंही न बघता. गल्लीतले बाप्ये आपापल्या कामाला पांगले होते, दारात उरल्या होत्या त्या म्हाताऱ्या. मी मागं जाऊन डिकीला हात लावले. गाडी हलेना. तेवढ्यात शेजारी बांगड्यांचा आवाज झाला. आईनं पदर कमरेला खोचला होता. टेप अजून गळ्यातच होती.

आम्ही दोघींनी मिळून ढकललं. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागत होता, तिच्या अंगाला तोच वास होता, मशीनच्या तेलाचा आणि खोबरेलाचा. ती गाडी न लागता अशीच थेट जळोचीपर्यंत ढकलत न्यावी लागली असती तरी मला चाललं असतं. गल्ली संपून उतार लागला, आण्णांनी क्लच सोडला, गाडीनं हिसका दिला, खोकली, आणि लागली. काळा धूर आमच्या तोंडावर आला. आण्णांनी वेग अगदी कमी केला, पण थांबले नाहीत. हात लांबवून त्यांनी डावीकडचं दार उघडलं. “नंदे! पळ! थांबलो तर बंद पडंल!”

मी आईकडं बघितलं. तिनं फक्त थांब म्हटलं असतं तर मी थांबले असते, आजही मला तसंच वाटतं. दार लांब लांब चाललं होतं. आईनं एकदा गाडीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. म्हणाली, “जा. त्यास्नी कोण हाय?” आणि माझ्या पाठीवर हात ठेवून तिनं मला पुढं ढकललं.

मी पळाले. दाराला धरून आत पडले. मागच्या काचेतून आई दिसत होती, रस्त्याच्या मधोमध, हात पदराला पुसत. आण्णांनी आरशात बघितलं, मग गिअर टाकला. निमगाव केतकीच्या पानमळ्यांपाशी आल्यावर आण्णांनी विचारलं, “येते म्हणाली का?”

“तुमी कुठं इचारलं तिला?” मी ओरडलेच. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडले.

आण्णांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं. डोळे रस्त्यावर. “मला वाटलं,” ते म्हणाले, “गाडी बगून कळंल तिला.”